जव्हार-मोखाड्याचे जलप्रपात

मृगाच्या सरी पडून गेल्या आणि आर्द्रा नक्षत्र लागले, की मुंबई, ठाणे, नाशिक या शहरांतील मंडळींना डोंगराची ओढ लागते. पूर्वी या दिवसांत लोणावळे, खंडाळे, माथेरान एवढीच नावे घरोघर ऐकू येत. आता त्यांच्या पंक्तीला जव्हार आणि मोखाडा ही नावेही येऊन बसली आहेत. शनिवारी रात्री बेत ठरतो, रविवारी पहाटे मोटार निघते, आणि दुपारपर्यंत मंडळी एखाद्या धबधब्याच्या पायथ्याशी चिंब भिजून उभी असतात. बेत उत्तम आहे. आठवडाभर चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने एक दिवस रानात घालवावा, यात वावगे काही नाही. मात्र अंगावर कोसळणारे हे पाणी आले कोठून, ते येथवर यायला किती वेळ लागला, आणि पुढे ते जाते कोठे, हे तीन प्रश्न त्या आनंदात फार थोड्यांना सुचतात. वस्तुतः या तिन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याला ठाऊक आहेत, त्यालाच धबधब्याची वाट खऱ्या अर्थाने ठाऊक आहे, असे म्हटले पाहिजे.

हा मुलूख मुंबईपासून सडकेने सुमारे दीडशे किलोमीटरांवर, सह्याद्रीच्या मुख्य धारेच्या पश्चिमेस पसरला आहे. कोकणपट्टीवरून चढत आलेली जमीन येथे एका रुंद पायरीवर जरा विसावते आणि मग पुन्हा उचल खाऊन त्र्यंबकच्या डोंगरांना जाऊन मिळते. जव्हार गाव समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फूट उंचीवर आहे. १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत हे महादेव कोळी जमातीच्या मुकणे घराण्याचे संस्थान होते. विस्तार अवघा ३१० चौरस मैल. विलीनीकरणानंतर हा प्रदेश ठाणे जिल्ह्यात गेला, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निराळा झाला तेव्हा जव्हार व मोखाडा हे दोन्ही तालुके त्यात आले. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी लोकांची. गाव म्हणून एका जागी दाटलेली घरे क्वचितच दिसतात; टेकडीटेकडीवर पाडे विखुरलेले असतात. सखल जागी भाताची खाचरे आणि उतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरई.

मोखाडा तालुक्यातील पोशेरा घ्या, अथवा शेजारचे कोणतेही गाव घ्या. श्रावणात तेथे उभे राहिले तर चहूकडून पाण्याचाच आवाज कानी येतो. घरांच्या पागोळ्या थांबत नाहीत, बांध फुटून खाचरे एकमेकांत वाहतात, आणि समोरच्या डोंगरावर पांढऱ्या रेघा ओढाव्यात तशा धारा उतरत असतात. वर्षाकाठी येथे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. पुण्यास तो तीस इंचांच्या आत-बाहेर असतो, आणि ज्या लंडन शहराच्या पावसाळी हवेचे एवढे कवतिक सांगतात तेथे पंचवीस इंचही भरत नाही. आता याच तालुक्याचे वैशाखातले रूप पाहावे. कित्येक पाड्यांवर सरकारी टँकरने पाणी पोहोचवावे लागते. बायका डोक्यावर हंड्यावर हंडा ठेवून डोंगर उतरतात आणि चढतात. शंभर इंच पाऊस जेथे पडतो तेथे चार महिन्यांनी विहिरीचा तळ दिसू लागावा, हे कोडे आहे. ज्या कारणाने हे घडते, त्याच कारणाने येथे इतके धबधबे आहेत. आणि त्याच कारणाने हे धबधबे बेसावध माणसाचा जीवही घेतात. हे कारण म्हणजे पायाखालचा कातळ.

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या या भागात जमिनीला भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस बाहेर आला. तो एकदाच आला नाही. एक लोट यावा, पसरावा, थिजावा, मध्यंतरी काही काळ जावा, आणि मग त्यावर दुसरा लोट यावा, असे वारंवार घडले. पोळ्यांची चवड रचावी तसे थरावर थर साचत गेले आणि त्यांची जाडी हजारो फुटांवर गेली. सह्याद्रीचे डोंगर दुरून पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते याचमुळे. मात्र या चवडीतील सगळे थर सारखे नाहीत. काही थर घट्ट, काळे, एकजीव. छिन्नीलाही दाद न देणारे. काही मात्र सच्छिद्र. थिजताना अडकलेल्या वायूंनी त्यांत फोड आले आणि पुढे त्या पोकळ्यांत पांढरी स्फटिके भरली. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा भुसभुशीत पट्टाही आढळतो. असा पट्टा सोडला, तर जुन्या लोटाची भाजून निघालेली, झिजलेली माथ्याची माती पुढील लोटाखाली कशी दडपली गेली हे सांगणारा दुसरा पुरावा क्वचितच इतका ढळढळीत असतो.

नदी अशा चवडीवरून वाहू लागली म्हणजे काय होते? घट्ट थरावरून ती फारसे न खोदता सरळ वाहते. त्या थराची कड संपली की खालचा मऊ थर उघडा पडतो. पाणी आणि पाण्याबरोबर येणारे गोटे तो थर पोखरतात. वरचा घट्ट थर छज्जासारखा पुढे तरंगत राहतो. आणि एके दिवशी आधार सुटून त्याचा तुकडा खाली कोसळतो. धबधब्याच्या पायथ्याशी घराएवढ्या शिळा पडलेल्या असतात, त्या कोणी राक्षसाने आणून टाकलेल्या नाहीत. त्या कालपरवापर्यंत वरच्या कड्याचा भाग होत्या. येथे कालपरवा हा शब्द भूशास्त्राच्या पंचांगातला समजावा. अशा रीतीने धबधबा हळूहळू मागे सरकत जातो. अमेरिकेतील नायगारा गेल्या सुमारे बारा हजार वर्षांत अकरा किलोमीटर मागे हटला आहे. आपल्याकडचे प्रपात कमी पाण्याचे आणि अधिक कठीण कातळाचे असल्याने त्यांची चाल त्या मानाने मंद, पण रीत तीच. छज्जाखालच्या पोकळीत शिरून पडद्याआडून पाणी पाहण्याचा मोह पुष्कळांना होतो. भर पावसात, वरचा खडक पाणी पिऊन सैल झालेला असताना, ती जागा पाहण्यास जितकी सुंदर तितकीच उभे राहण्यास वाईट.

जव्हार तालुक्यातील दाभोसा हा या मुलुखातील प्रपातांचा मुकुटमणी. लेंडी नदी येथे सुमारे तीनशे फूट खाली एका खोल डोहात उडी घेते. तीनशे फुटांवरून एखादा गोटा सुटला तर तो चार सव्वाचार सेकंदांत तळ गाठतो आणि तोवर त्याचा वेग ताशी दीडशे किलोमीटरांच्या घरात गेलेला असतो. पाण्याचे तसे होत नाही. हवेच्या विरोधाने त्याची धार तुटते, धारेचे थेंब होतात, थेंबांचे तुषार. म्हणून उंच धबधब्याचे पाणी खाली येईतो पिंजलेल्या कापसासारखे दिसते. परंतु पाण्याबरोबर आलेला दगड पिंजला जात नाही. धारेखाली डोके देऊन उभे राहणाऱ्याने एवढे गणित मनात ठेवलेले बरे. जव्हारजवळचा काळमांडवी, कसारा-खोडाळा रस्त्यावरील विहीगावचा धबधबा, हिरडपाडा, ही आणखी काही प्रसिद्ध स्थळे. विहीगावच्या धबधब्याला पुष्कळ लोक अशोका धबधबा म्हणतात. हे नाव सम्राट अशोकाच्या काळापासूनचे असावे अशी काहींची भाबडी समजूत आहे. प्रत्यक्षात २००१ सालच्या त्या नावाच्या हिंदी चित्रपटातील काही भाग तेथे चित्रित झाला, तेव्हापासून ते रूढ झाले. नाव नसलेले धबधबे तर असंख्य आहेत, आणि त्यांपैकी एखाद्याच्या काठी दोन तास बसायला मिळाले तर प्रसिद्ध स्थळांच्या गर्दीत न गेल्याचे वाईट वाटण्याचे कारण नाही.

आता कातळाकडे पुन्हा वळू. घट्ट काळा खडक पाणी पीत नाही. त्याच्या फटींत आणि वरच्या कुजलेल्या थरात काय मुरेल तेवढेच. त्यावर मातीचा थर जाड असता, त्या मातीवर पाचोळ्याची गादी असती, तर पाणी थांबून थांबून उतरले असते. पण उतार तीव्र, माती पातळ, आणि जेथे रान तुटले तेथे तीही धुऊन गेलेली. त्यामुळे पाऊस पडला की पाणी पाटावर ओतल्यासारखे थेट ओढ्याला येते. किती येते, याचा एक साधा हिशेब करून पाहू.

एखाद्या ओढ्याचे पाणलोट क्षेत्र, म्हणजे ज्या रानाचे पाणी त्या ओढ्यात उतरते तेवढे रान, दहा चौरस किलोमीटर आहे असे समजा. डोंगरातल्या ओढ्याला हे काही फार मोठे नाही. त्यावर तासाभरात पन्नास मिलिमीटर, म्हणजे सुमारे दोन इंच पाऊस झाला. आषाढात अशी सर नवलाची नसते. या एका तासात त्या रानावर पडलेले पाणी पन्नास कोटी लिटर भरते. त्यातील निम्मेच ओढ्यात आले आणि ते दोन तासांत वाहून गेले असे धरले, तरी दर सेकंदाला सुमारे पस्तीस हजार लिटर, अर्थात पस्तीस टन पाणी त्या ओढ्यातून जाऊ लागेल. ओढा दहा मीटर रुंद असला आणि पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने धावत असले, तर त्याची खोली पावणेदोन मीटर होते. म्हणजे सकाळी ज्या ओढ्यात पोरे घोट्याएवढ्या पाण्यात कागदाच्या होड्या सोडत होती, तेथे दुपारी पुरुषभर पाणी. आणि यात सर्वांत घातक गोष्ट अशी, की ती सर वरच्या डोंगरावर पडलेली असते. खाली कुंडापाशी त्या वेळी स्वच्छ ऊनही असू शकते.

लोणावळ्याच्या भुशी धरणालगतच्या धबधब्यात ३० जून २०२४ रोजी जे घडले ते याच प्रकारचे होते. एका कुटुंबातील माणसे, मुलाबाळांसह, प्रवाहातील खडकावर उभी होती. पाणी चढले. काठ काही हातांवर होता, काठावर माणसे होती, पण मधल्या त्या थोड्या अंतरात पाण्याने असा वेग धरला होता की कोणाला काही करता आले नाही. पाच जण गेले. ते दृश्य पुष्कळांनी आपापल्या घरी दूरध्वनीच्या पडद्यावर पाहिले आहे. पाहणाऱ्याला वाटते, एवढ्याशा पाण्यात मोठी माणसे कशी तोल सावरू शकली नाहीत? उत्तर पदार्थविज्ञानाच्या पहिल्या धड्यांतच आहे. वाहत्या पाण्याचा रेटा त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, तिप्पट झाला की नऊपट. गुडघाभर संथ पाण्यात म्हातारी आजीसुद्धा उभी राहील; गुडघाभर धावत्या पाण्यात पैलवानाचाही पाय उचलला जातो, विशेषतः पायाखाली शेवाळलेला कातळ असेल तर.

पाणी चढण्यापूर्वी काही सूचना देते. मात्र ती वाचता आली पाहिजेत. निवळ पाण्याला एकाएकी चहासारखा गढूळ रंग येणे ही पहिली. पृष्ठभागावर हिरवी पाने, काटक्या, फेसाचे गोळे वाहत येऊ लागणे ही दुसरी. कारण पाणी वाढून ते वरच्या काठावरचा पाचोळा झाडून आणू लागलेले असते. तिसरी खूण आवाजाची. धबधब्याचा खळखळाट खर्जात उतरतो. गावचा माणूस बोलता बोलता मध्येच थांबून कान देतो, तो याचसाठी. शहरातील मंडळींबरोबर गाण्याची पेटी असते, तिचा आवाज मोठा असतो, आणि ही तिसरी खूण तेथेच बुडून जाते. एक सोपी युक्ती अशी, की ओढ्यापाशी पोहोचताच पाण्याच्या अगदी कडेला एक ठळक दगड ठेवावा आणि दर दहा मिनिटांनी त्याकडे पाहावे. दगड भिजला की सामान उचलावे. चर्चा करीत बसू नये. दुसरी गोष्ट शिदोरीची. ओढा ओलांडून पलीकडच्या सुंदर जागी जेवायला बसण्याची हौस दांडगी असते, पण परतीची वाट ज्या काठावर आहे त्याच काठावर शिदोरी सोडावी. पाणी चढून पलीकडे अडकलेली माणसे बहुधा थांबायला तयार नसतात. अंधार पडेल, घरचे वाट पाहतील, या धास्तीने ती भरल्या ओढ्यात उतरतात. वस्तुतः डोंगरातला ओढा जितक्या वेगाने चढतो तितक्याच लवकर उतरतोही. पाऊस थांबल्यावर तीन-चार तास उपाशी बसण्याची तयारी असली तर पुष्कळ अनर्थ टळतात.

पुराची ही गोष्ट झाली. शांत डोहाची गोष्ट निराळी, आणि अधिक फसवी. काळमांडवीच्या कुंडात २ जुलै २०२० रोजी जव्हारचेच पाच तरुण बुडाले. छायाचित्र काढताना काही जण पाण्यात गेले आणि त्यांना वाचवावयास इतर धावले, असे त्या वेळच्या वृत्तांवरून दिसते. एका बुडणाऱ्यामागे दुसऱ्याने उडी घालणे हे माणुसकीला धरून आहे, पण पोहण्याच्या शास्त्राला धरून नाही. धबधब्याखालच्या डोहात पाणी वरून खाली आपटते, तळाशी जाते, पुढे जाऊन वर येते आणि वरून पुन्हा धारेकडेच ओढले जाते. या फेऱ्यात सापडलेला माणूस काठाकडे हात मारीत राहतो आणि पाणी त्याला धारेखाली नेत राहते. शिवाय तेथील पाण्यात हवेचे बुडबुडे इतके मिसळलेले असतात, की ते अंग नेहमीप्रमाणे तोलून धरीत नाही. विहिरीत किंवा तलावात उत्तम पोहणारा येथे दमतो तो यामुळे. अशा वेळी काठावरून साडी, दोर, लांब काठी, बूच लावलेली रिकामी कळशी किंवा डबा, जे हाती लागेल ते फेकावे. स्वतः उतरू नये.

दाभोशाच्या डोहात २०२४ च्या मे महिन्यात एका तरुणाचा अंत झाला तो उंचावरून उडी मारल्याने. वृत्तपत्रांत ती उंची सुमारे १२० फूट म्हणून आली होती. एवढ्या उंचीवरून पडणारे शरीर पाण्याला भिडते तेव्हा त्याचा वेग ताशी पंचाण्णव किलोमीटरांच्या आसपास असतो. पाणी मऊ असते ही आपली समजूत हात बुडविण्यापुरती खरी आहे. त्या वेगाने येणाऱ्या शरीराला बाजूला सरकून वाट देण्यास पाण्याला वेळच मिळत नाही, आणि मग ते फरशीसारखे लागते. अलीकडे पावसाळ्यात जिल्हाधिकारी धोक्याच्या जलस्थळी जाण्यास मनाई करणारे हुकूम काढतात. हुकूम निघाला की मंडळी रागावतात, आडवाटेने जातात, आणि पोलिसांना चुकविल्याची कथा घरी आल्यावर सांगतात. चुकविण्यासारखी गोष्ट पोलीस ही नसून पाणी ही होती, हे त्या कथेत येत नाही.

पाड्यावरची माणसे पिढ्यान्पिढ्या याच पाण्याच्या काठी राहतात. ती चढल्या ओढ्यात उतरत नाहीत. पहिल्या पावसात नदीतले मासे विणीसाठी उलटे वर चढू लागतात, तेव्हा वल्गनीचे मासे धरायला सारा पाडा बाहेर पडतो. पण कोणत्या चरात उतरायचे, कोणत्या नाही, आणि केव्हा बाहेर यायचे, हे पोरांनाही ठाऊक असते. वारल्यांचा पावसाचा देव नारायणदेव. त्याची आळवणी करणारा समाज पावसाशी अंगलट करीत नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. धबधब्याकडे जाताना पाड्यावरील एखाद्या जाणत्याला वाटाड्या म्हणून घ्यावे आणि त्याला दिवसाची योग्य मजुरी द्यावी. तो नको म्हणाला तर घासाघीस करू नये. तो पैशासाठी नको म्हणत नसतो, वरच्या डोंगराकडे पाहून म्हणत असतो. शिवाय जेथून वाट जाते ते भाताचे खाचर असते. बांध तुडविला की आवण वाहून जाते, आणि मोटारीतून आलेल्याला ते गवत वाटले तरी कोणाच्या तरी वर्षाच्या भाकरीतला तो घास असतो.

रानासंबंधी दोन शब्द अवश्य आहेत. साग, ऐन, खैर, धावडा, मोह, बांबू आणि खाली सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, असे येथले जंगल. शहापूर, वाडा आणि मोखाडा या तालुक्यांत मिळून सुमारे ३२० चौरस किलोमीटरांचे तानसा अभयारण्य आहे. ते १९७० साली स्थापन झाले. तळ्याभोवती रान राखावे हे शहाणपण मुंबईला त्याच्याही आधीपासून आहे. विहार तलाव १८६० साली आणि तुळशी १८७९ साली पुरा झाला. त्यांच्या भोवतीचा पाणलोट जपला गेला, म्हणूनच आज मुंबईच्या पोटात संजय गांधी राष्ट्रीय उद्यान उभे आहे. रानातील पाचोळा, मुळे आणि वाळवीने पोखरलेली भुसभुशीत माती मिळून एक प्रकारचा बोळा तयार होतो. वर सांगितलेल्या हिशेबातले पाणी असा बोळा दोन तासांऐवजी दोन दिवस, काही तर दोन महिने, झिरपत सोडतो. ज्या ओढ्याच्या वर दाट रान आहे त्याचा पूर संथपणे चढतो आणि त्याचे पाणीही फाल्गुनापर्यंत टिकते. बोडक्या डोंगराखालचा ओढा श्रावणात भयंकर आणि पौषात कोरडा. धबधबा पाहावयास जाणाऱ्याने आधी वरचा डोंगर पाहावा, तो असा.

आता तिसरा प्रश्न : हे पाणी जाते कोठे? त्र्यंबकच्या परिसरातील डोंगरमाथ्यावर पडलेला एखादा थेंब पूर्वेकडे कलला तर गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातो. पश्चिमेकडे कलला तर वैतरणेतून अरबी समुद्राला. जव्हार-मोखाड्याच्या उत्तर अंगाचे पाणी वाघ नदीतून दमणगंगेला मिळते, दक्षिण अंगाचे वैतरणेला. आणि वैतरणेचे पुष्कळसे पाणी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा, आणि २०१४ साली लोकार्पण झालेले, सुमारे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा, अशी धरणे बांधून मुंबईने ते आपल्या नळांकडे वळविले आहे. मध्य वैतरणा तर मोखाडा तालुक्यातच, कोचाळे गावाजवळ. त्यातून शहरास रोज सुमारे साडेपंचेचाळीस कोटी लिटर पाणी मिळते. मघाच्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहावा. एका लहानशा खोऱ्यावर तासाभरात पडलेला पाऊस सबंध अडवता आला असता तर तो या दिवसभराच्या पुरवठ्याहून थोडा अधिकच भरला असता. पुढे वाघ नदीवर जव्हार तालुक्यात खार्गीहिल येथे धरण बांधून तेथील व दमणगंगेचे पाणी बोगद्याने पिंजाळ नदीकडे, व तेथून मुंबईस नेण्याचीही आखणी झालेली आहे. तिला स्थानिक लोकांचा विरोध आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. ज्यांच्या डोक्यावर हे पाणी पडते त्यांच्याच हंड्यात ते वैशाखात नसते.

ते का नसते याचे उत्तर वर येऊन गेले. कातळ ते धरीत नाही, आणि धरण बांधले तर ते दरीच्या तळाशी साठते, पाडा राहतो माथ्यावर. उपाय करणारे करीत आहेत. उतारावर समतल चर खणणे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर वनराई बंधारे घालणे, झऱ्यांच्या वरचे रान राखणे, सूर्याच्या उष्णतेवर नव्हे तर प्रकाशावर चालणाऱ्या पंपांनी दरीतले पाणी पाड्यावर चढविणे, ही कामे ठिकठिकाणी चालू आहेत. गोणीचा बंधारा दिसायला क्षुल्लक, पण दिवाळीपूर्वी तो घातला गेला तर वाल, हरभरा किंवा भाजीपाल्याचे एखादे पीक निघते. ते निघाले तर पाड्यातल्या एखाद्या घराला त्या वर्षी वीटभट्टीवर कामाला जावे लागत नाही. मुले शाळेत राहतात.

सहलीला उत्तम काळ कोणता, असे कोणी विचारील तर आषाढ-श्रावणातील रविवार मुळीच नव्हे. भाद्रपदाच्या अखेरीपासून कार्तिकापर्यंतचे दिवस पाहावेत. पाऊस ओसरलेला असतो, पाणी निवळलेले असते, धबधबे अद्याप भरघोस असतात, आणि ज्या खडकावर पाय ठेवायचा तो दिसतो. रानात सोनकी फुललेली असते आणि वरकसावर नाचणीची कणसे भरत असतात. पावले शेवाळावर टाकू नयेत. काळा ओला दगड टाळून खडबडीत, कोरडा निवडावा. हाती एक काठी असावी, ती तोल सांभाळण्यास आणि गवतातील फुरसे, घोणस दूर सारण्यास, दोन्ही कामी येते. दरीत दिवस लवकर मावळतो, म्हणून तीनच्या सुमारास पाठ फिरवावी.

आणि कोणी हौशी मंडळी फाल्गुन-चैत्रात गेली, तर दाभोशाची धार बारीक झालेली आणि लहान धबधबे पार आटलेले आढळतील. अशा कोरड्या ओढ्याच्या पात्रात कोठे कोठे हातभर खोल खळगा दिसतो. भोवती दगड नीट रचलेले, वर कधी पळसाच्या पानांचे झाकण, आणि तळाशी वाटीभर स्वच्छ पाणी. हा झिरा आहे. पहाटेपासून बायका आळीपाळीने येऊन त्यातून वाटीवाटीने हंडा भरतात. एक हंडा भरला की झिरा पुन्हा पाझरून भरेपर्यंत दुसरी थांबते. त्या पाण्यात हातपाय धुऊ नयेत, त्याच्याभोवतीचे दगड हलवू नयेत, आणि झाकण काढून पाहिले असेल तर ते पुन्हा जसेच्या तसे ठेवावे.